डाव संपल्यावर काय? ऑनलाइन बुद्धिबळाच्या टोळीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणारे बहुतेक जण डाव हरले की लगेच पुढचा लावतात. रात्री साडेअकराला सुरू झालेला हा प्रकार एकच्या पुढे जातो, रेटिंग शंभरेक गुणांनी खाली येतं आणि सकाळी कुणी विचारलं, ‘काल कुठे चुकलं?’, तर एकही डाव धड आठवत नाही. खेळ सुधारायचा असेल आणि मजाही टिकवायची असेल, तर चार-सहा जणांची टोळी हवी. आपापसात खेळणारी, खेळून झालं की तोच डाव परत मांडून तासभर वाद घालणारी आणि वाद घालता घालता एकमेकांची यथेच्छ टर उडवणारी. ही टोळी कशी जमवायची, डाव एकत्र कसा तपासायचा आणि टर कुठपर्यंत उडवायची, ते क्रमाने सांगतो. माझा एकच हट्ट आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो: आधी तोंडं चालू द्यायची, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकी प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी.

जागा आणि माणसं

खेळायला चेस डॉट कॉम किंवा लिचेस, दोन्ही चालतील. एकत्र बसून डाव तपासायला मात्र मी लिचेसच सुचवेन. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१०मध्ये ते सुरू केलं, देणग्यांवर चालतं, जाहिराती नाहीत आणि सगळ्या सोयी फुकट. चेस डॉट कॉमवर डावाचा सविस्तर आढावा फुकट खात्याला मोजकाच मिळतो. तिथे खेळलात तरी डावाची पीजीएन, म्हणजे चालींची मजकुरी नोंद, कॉपी करून लिचेसवर आणता येते. दोन मिनिटांचं काम आहे.

रेटिंगची तुलना पहिल्या दिवसापासून टाळा. लिचेसवर प्रत्येकाची सुरुवात १५००पासून होते, त्यामुळे नवख्यांचे तिथले आकडे चेस डॉट कॉमपेक्षा सहसा फुगलेले दिसतात. ‘मी १६००, तू १२००’ असं म्हणून कॉलर ताठ करणाऱ्याला आधी ‘कुठला १६००?’ एवढंच विचारा.

माणसं तीन ते सहा पुरेत. दहाच्या वर गेलं की दोघे बोलतात आणि बाकीचे नुसते अंगठ्याचे इमोजी टाकतात. ऑफिसातला एखादा, सोसायटीतला एखादा, कॉलेजचा जुना मित्र, असे सुटे सुटे सापडतात. ताकद साधारण सारखी असावी, पण एक जण इतरांपेक्षा बऱ्यापैकी वरचा असला तर उत्तम. टोळीत शाळकरी पोरं असतील (आणि असतातच, तीच सगळ्यांना हरवतात) तर त्यांचे आई किंवा बाबाही गटात असू द्या.

कोणते डाव तपासायचे

पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. दहा मिनिटांचा डावही चालेल. एका मिनिटाचा बुलेट खुशाल खेळा, पण तो तपासायला आणू नका. तिथे विचार झालेलाच नसतो, मग तपासणार काय?

आणि शक्यतो हरलेले डाव आणा. जिंकलेला डाव दाखवायची खुमखुमी सगळ्यांनाच असते. आठवड्याला एक जिंकलेला डाव माफ, असा नियम केला तर खुमखुमीही भागते.

डाव संपल्या संपल्या

इथे नव्या माणसाचं बोट हमखास ‘कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस’च्या बटणावर जातं. थांबा. आधी पाच-सहा ओळी लिहून काढा, कारण खेळताना डोक्यात काय चाललं होतं ते फक्त तुम्हालाच ठाऊक असतं आणि अर्ध्या तासात तुम्हीही ते विसरता. गटात टाकायचं टिपण साधारण असं असावं (एफ४ हे पटावरच्या घराचं नाव, फाइल म्हणजे उभी ओळ):

‘पांढरी माझ्याकडे. बाराव्या चालीपर्यंत बरं चाललं होतं. चौदाव्याला त्याने घोडा एफ४वर आणून बसवला, तेव्हा घाबरलो आणि उंट देऊन तो घोडा मारला. तेविसाव्याला तीन मिनिटं घालवली, तरी हत्ती डी फाइलमध्ये आणू की ई, ठरेना. मात एकतिसाव्याला झाली, पण माझ्या मते डाव चौदाव्यालाच गेला होता. तुम्ही तिथे काय केलं असतं?’

यात घाबरल्याचा क्षण आहे, वेळ कुठे गेला ते आहे, स्वतःचं निदान आहे आणि शेवटी एक नेमका प्रश्न आहे. ‘हरलो यार, बघा जरा’ असं लिहून लिंक टाकली तर कुणीही बघत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. कदाचित चौदाव्या चालीला काहीच बिघडलं नव्हतं आणि खरी घोडचूक विसाव्याला झाली असेल. तुमचं निदान चुकलं हे कळणं म्हणजेच अर्धं शिकणं, पण त्यासाठी ते आधी लिहिलेलं हवं.

डाव मांडणं

लिचेसच्या ‘लर्न’ मेनूत ‘स्टडी’ आहे. नवी स्टडी उघडली की दिसायला साधाच पट असतो, पण त्यात प्रत्येक डावाचं वेगळं प्रकरण करता येतं. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, म्हणजे टोळीचं वर्षभराचं काम आरामात एका जागी राहतं. उघडतानाच काही गोष्टी ठरवून घ्या.

स्टडी कोणाला दिसावी, यात ‘फक्त निमंत्रितांना’ हा पर्याय निवडा. आपल्या चुका जगाला दाखवायची घाई नाही. मग मित्रांना त्यांच्या खात्याच्या नावाने बोलवा आणि प्रत्येकाला ‘काँट्रिब्यूटर’ करा. हे राहून गेलं की समोरचा नुसता प्रेक्षक बनतो, त्याला पटावर काहीच हलवता येत नाही आणि पहिली दहा मिनिटं ‘मला दिसतंय, पण हलत नाहीये’ यातच जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच सेटिंगमध्ये इंजिन कोणाला वापरता येईल हेही ठरवता येतं. तिथे ‘कोणालाच नाही’ निवडा. चर्चा आटोपली की उघडता येईल. हे कुलूप नसेल तर कुणीतरी गुपचूप इंजिन लावतो आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘मला वाटतं, इथे एच४ छान आहे.’ साहेब, आयुष्यात तुम्हाला कधी एच४ सुचलं नाही.

उजवं बटण दाबून माउस ओढला की पटावर बाण उमटतो, नुसतं दाबलं की घराभोवती वर्तुळ येतं. चालीखाली शेरा लिहिता येतो, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह लावता येतं. वेगळी चाल खेळून पाहिली की मूळ डावाला धक्का न लागता बाजूला नवी फांदी तयार होते. सगळ्यांनी एकाच स्थितीवर राहायचं असेल तेव्हा खालचं ‘सिंक’ चालू ठेवा, एकट्याने काही चाचपून बघायचं असेल तेव्हा बंद करा.

या फांद्या नीट ठेवण्याचं महत्त्व १९९९मध्ये चांगलंच दिसलं होतं. गॅरी कास्पारॉव्ह एकीकडे आणि इंटरनेटवरून मतं देणारे ७५हून जास्त देशांतले ५० हजारांवर लोक दुसरीकडे, असा एकच डाव जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. जगाच्या बाजूने सल्ला देणाऱ्या चार तरुण खेळाडूंपैकी अमेरिकेची इरिना क्रश लोकांकडून आलेलं विश्लेषण गोळा करून फांद्या-उपफांद्यांत मांडत राहिली. काळ्याच्या दहाव्या चालीला वजीर ई६वर नेण्याची नवी कल्पनाही तिचीच होती. कास्पारॉव्ह जिंकला, पण त्याला ६२ चाली लागल्या. आपण पाच जण असलो तरी काम तेच: कोण काय म्हणालं ते फांदीवर नोंदवलेलं हवं. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तू म्हणत होतास ना हत्ती खा’, ‘मी कधी म्हणालो?’ सुरू होतं.

सरावाला एक जुना डाव

पहिल्याच बैठकीत स्वतःचा डाव मांडायला संकोच वाटत असेल तर अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचा १८५८चा पॅरिसमधला डाव घ्या. ऑपेराच्या बॉक्समध्ये बसून खेळलेला, अवघ्या सतरा चालींचा. समोर ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे आपसात सल्लामसलत करून खेळत होते, तरी हरले. प्रकरण तयार करताना ‘पुढच्या चाली लपवा’ हा प्रकार निवडा आणि तीन ठिकाणी थांबा.

पहिला थांबा सातव्या चालीनंतर. मॉर्फीचा वजीर बी३वर आहे, तिथून तो एफ७ आणि बी७ या दोन्ही प्याद्यांवर नजर ठेवून आहे. काळ्याने वजीर ई७वर आणून एफ७ सांभाळलं. बी७ मोकळं. मॉर्फीने ते खाल्लं नाही, घोडा सी३वर काढला. का? टोळीला भांडू द्या. खाल्लं असतं तर काळ्याने बी४वरून वजिराने शह देऊन वजिरांची मारामारी (दोघांचेही वजीर पटाबाहेर) केली असती. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहिलं असतं, म्हणजे ती चाल वाईट नव्हतीच. तुमच्यातला हिशेबी माणूस प्यादं खाईल, हल्लेखोर माणूस मॉर्फीच्या बाजूने उभा राहील, आणि कोण कसा खेळतो ते सगळ्यांना कळेल.

दुसरा थांबा नवव्या चालीला, काळ्याने बी५ ढकलल्यावर. उंटावर हल्ला आहे. मॉर्फीने उंट मागे घेतला नाही. घोड्याने बी५चं प्यादं मारलं, काळ्याने घोडा खाल्ला, मग उंटाने बी५वर मारून शह दिला. एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली. एवढ्याने भागतं का? इथे काळ्याचा पट नीट बघा. ई७वरच्या वजिराने स्वतःच्याच एफ८च्या उंटाची वाट अडवली आहे, त्यामुळे राजाकडे कॅसलिंग करायचा रस्ताच बंद. पांढऱ्याने मात्र पुढच्याच चालीत वजिराकडे कॅसलिंग केलं आणि हत्ती थेट डी फाइलमध्ये आला.

तिसरा थांबा पंधराव्या चालीनंतर. आता पांढऱ्याची मात दोन चालींत आहे, शोधा. (वजीर बी८वर जाऊन शह देतो, घोड्याला त्याला खावंच लागतं, आणि हत्ती डी८वर मात करतो. जी५वरच्या उंटाचा हत्तीला आधार आहे.) काळ्याचा राजाकडचा उंट आणि राजाकडचा हत्ती अख्ख्या डावात एकदाही हलले नाहीत. ‘ते ऑपेरा बघत होते’ असं कुणीतरी म्हणणारच, म्हणू द्या. हा टोमणा पुढे महिनोन्‌महिने उपयोगी पडतो.

कॉलवर बोलताना

फोनवर बी, डी, ई आणि जी ही अक्षरं सारखीच ऐकू येतात. ‘उंट बी३’ म्हटलं की एक जण डी३ बघतो, दुसरा जी३, आणि दोन मिनिटांनी लक्षात येतं की आपण वेगवेगळ्या डावांवर भांडतोय. म्हणून मोहऱ्यांचं नाव आणि बाजू सांगायची सवय लावा: ‘राजाकडचा घोडा मध्ये आण’, ‘वजिराकडचा हत्ती’, ‘कॅसलिंगपुढचं मधलं प्यादं’. शिवाय बोलता बोलता बाण काढा.

ज्याचा डाव असेल त्याने आधी बोलायचं. त्याचं होईपर्यंत सगळ्यात तगड्या खेळाडूने गप्प राहायचं, आणि हे जमवणं फार कठीण असतं. तो पहिल्यांदा बोलला की चर्चा तिथेच संपते, म्हणून त्याची पाळी शेवटी ठेवा. दुरुस्ती सुचवणाऱ्याने नुसती चाल सांगून सुटायचं नाही, त्यावर समोरच्याचं सर्वोत्तम उत्तर काय तेही सांगायचं. ‘इथे वजीर एच५ मार की’ म्हणणारे खूप असतात. ‘मग घोडा एफ६ला आला तर?’ म्हटलं की शांतता.

एका बैठकीला एक डाव, फार तर दोन. परदेशी असलेली मंडळी असतील तर भारतात रात्री नऊची वेळ बरी पडते. उन्हाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचे साडेचार आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात.

टर कशी उडवायची

याशिवाय टोळी टिकत नाही. नुसतं गंभीर विश्लेषण तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. एका गटातली देवाणघेवाण बघा, काका साठीचे आणि पोरगा कॉलेजातला:

‘काका, तुमचा ए१चा हत्ती निवृत्त झाला का? जागचा हलला नाही.’

‘आणि तुझा वजीर चौथ्या चालीपासून गावभर हिंडत होता, त्याचं काय झालं?’

‘पकडला गेला.’

‘मग! माझा पेन्शन खातोय तेच बरं.’

यातला प्रत्येक टोमणा पटावरच्या खऱ्या गोष्टीवर आहे. काकांनी वजिराकडची बाजू उघडलीच नव्हती, पोराने वजीर फार लवकर बाहेर काढला होता. इंजिनने हेच आकड्यांत सांगितलं असतं तर दोघेही विसरले असते. नवख्याने हीच कसोटी लावावी: टोमणा चालीवर आहे का? ‘हा उंट कोणाच्या बाजूने खेळतोय?’ चालतं. ‘तुला डोकं आहे का?’ चालत नाही. वय, रेटिंग, शिक्षण, गाव, दिसणं, मुलगी असणं यांवर काही नको. जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुखने उघडपणे लिहिलं होतं की प्रेक्षक तिच्या डावापेक्षा केस, कपडे आणि उच्चार यांवरच बोलतात. पुढच्याच वर्षी जुलैत जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून ती महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तुमच्या गटात एखादी मुलगी नव्याने आली तर तिच्या पहिल्या डावावर ‘अरे वा, छान खेळतेस की!’ असं कौतुक ओतू नका. इतरांना विचारता तेच विचारा: चौदाव्याला काय बघितलं होतंस?

नवीन असाल तर पहिला टोमणा स्वतःच्या डावावर मारा, म्हणजे पुढचे मारायचा परवाना मिळतो. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करूनही झकास टोमणे मारता येतात, उलट ते जास्त लागतात. आणि सपाट्याने पाच डाव हरलेला माणूस गटात एका शब्दाची उत्तरं देऊ लागला की त्या दिवशी त्याला सोडून द्या.

सबबींचा वेगळा विभाग ठेवा. माउस घसरला, नेट गेलं, दाराची बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या मोजत होतो. आठवड्याला माणशी एकच सबब मंजूर करावी. दुसऱ्यांदा माउस घसरला तर नवा माउस घ्यायचा.

आता इंजिन उघडा

चर्चा संपली, फांद्या नोंदल्या, मग लिचेसवरचं इंजिन स्टॉकफिश लावा. पटाशेजारच्या पट्टीवरचा आकडा साधारण प्याद्यांच्या हिशेबात वाचायचा: +१ म्हणजे पांढऱ्याकडे जवळपास एका प्याद्याइतकी आघाडी, उणे म्हणजे काळ्याकडे. ०.२ आणि ०.४ यांतल्या फरकावर भांडू नका, आपल्या पातळीला त्याचा काही अर्थ नाही. एकदम दीड-दोनने उडी बसली असेल तिथेच थांबा.

थांबल्यावर इंजिनची सुचवलेली चाल बघू नका. तुम्हाला सुचलेली चाल खेळा आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघा. ते उत्तर मराठीत एका वाक्यात सांगता येईपर्यंत पुढे खेळत राहा: ‘उंट गेला की एफ२ उघडं पडतं’, असं. सांगता आलं नाही, तर कळलेलं नाही. शेवटच्या टप्प्यात, राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले असतील, तर लिचेसवरचा टेबलबेस, म्हणजे अशा स्थितींची आधीच सोडवून ठेवलेली उत्तरं, अंतिम निकालच देतो, तिथे वादाला जागा नाही.

इंजिनच्या पट्टीने माणूस किती उद्धट होतो ते १२ डिसेंबर २०२४ला दिसलं. सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५वी चाल हत्ती एफ२ अशी केली आणि जगभर पट्ट्या बघणारे एका क्षणात ओरडले. समोर बसलेल्या गुकेशला मात्र ती चूक लगेच दिसली नव्हती, त्यानेच नंतर सांगितलं. हत्तींची मारामारी झाल्यावर काळ्याचा उंट डी५वर येतो, आणि पांढऱ्याचा ए८च्या कोपऱ्यातला उंट त्याच तिरक्या ओळीत अडकलेला असल्याने उंटांची मारामारीही टळत नाही. उरतात राजे आणि प्यादी, गुकेशकडे एक प्यादं जास्त. अठ्ठावन्नाव्या चालीला डाव संपला. गटात कुणी ‘एवढं साधं कसं दिसलं नाही तुला?’ म्हणाला, तर इंजिन बंद करून हीच स्थिती त्याच्यापुढे मांडा आणि घड्याळ लावा.

चालू डावात चिडीचूप

डाव चालू असताना लिंक टाकून ‘आता काय करू?’ विचारायचं नाही, आणि बघणाऱ्याने ‘अरे, बघ बघ!’ एवढंही म्हणायचं नाही. तेवढा इशारासुद्धा बाहेरची मदत ठरतो आणि खातं बंद होऊ शकतं. २०२१मध्ये कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंदशी झालेल्या एका ऑनलाइन डावात एका नामवंत उद्योजकाने अशी मदत घेतली, जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी कबुली द्यावी लागली. चालीला काही दिवस मिळणाऱ्या लिचेसच्या पत्री डावांत ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं आणि डेटाबेस बघायला मुभा आहे, इंजिनला तिथेही नाही. समोरचा फसवतोय असा संशय आला तर गटात नाव घेऊन बोंब मारू नका. साइटवर तक्रारीचं बटण आहे, ते दाबा आणि विषय सोडा.

पुढच्या आठवड्यासाठी

बैठक संपताना प्रत्येक डावातली एक स्थिती निवडून ‘परत बघायच्या’ अशा वेगळ्या प्रकरणात टाका, उत्तर न लिहिता. पुढच्या वेळी नवा डाव मांडण्याआधी पाच मिनिटं त्या स्थिती सोडवायच्या, ज्याचा डाव त्याने सर्वांत शेवटी बोलायचं. काकांच्या ए१च्या हत्तीची स्थिती पहिली घ्या.